अंबादेवी रोडचं हेड ऑफिस

अमरावतीत गांधी चौकातून अंबादेवीच्या देवळाकडे निघालं की फुलवाल्यांची रांग लागते. त्या रांगेत शकुनबाई खेरड्यांचं दुकान. दुकान म्हणजे चार बांबू, वर निळी ताडपत्री, खाली ओलं पोतं आणि त्यावर टोपल्या. आता गंमत अशी, की वरूडच्या एका संत्रा व्यापाऱ्याच्या पावतीवर, अकोल्याच्या एका दातांच्या दवाखान्याच्या कार्डावर आणि चिखलदऱ्याच्या एका रिसॉर्टच्या पाटीवर याच जागेचा पत्ता 'अमरावती ऑफिस, अंबादेवी रोड' असा झळकत होता. ज्यांनी तो छापला त्यांनी ऑफिस कधी पाहिलं नव्हतं. गरजही पडली नव्हती. फोन केला की फोन उचलला जात होता, आणि एवढ्यावर माणसं ऑफिस आहे असं धरून चालतात.

फोन उचलायची शकुनबाईंची पोरगी, दीपमाला. ती स्वतःला 'व्हर्च्युअल असिस्टंट' म्हणवायची. शब्द तिनं मोबाइलवरच्या कुठल्याशा व्हिडिओतून उचलला होता. मायला तिनं तो समजावून सांगितला, "माय, दुसऱ्याच्या ऑफिसातलं काम आपल्या घरी बसून करायचं."

शकुनबाईंनी हाराला गाठ मारली. "म्हंजे धुनीभांडीच ना वं. फोनवरची."

दीपमालेला राग आला. मग तिनं दिवसभराचं काम आठवून पाहिलं आणि राग गिळून टाकला.

या धंद्यात ती काही हौसेनं पडली नव्हती. बी.कॉम. झाल्यावर ती शहराबाहेरच्या एका जिनिंगच्या ऑफिसात लागली होती. कापसाच्या गाड्यांच्या नोंदी, फोन, चहा सांगणं, मालकाच्या बायकोचा गॅस नोंदवणं, सगळं एकटी करायची. एकच मालक, एकच खुर्ची, आणि आयुष्य मार्गी लागलं असा पक्का समज. मग बोंडअळीचं वर्ष आलं. बोंडं आतून पोखरली गेली, गाड्या यायच्या थांबल्या, आणि एका सोमवारी ती ऑफिसला पोचली तर दाराला कुलूप. मालकानं फोन उचलला नाही. आत टेबलावर तिचा डबा राहिला होता, तोही गेला. त्या दिवशी घरी येऊन ती रडली, आणि रडून झाल्यावर तिनं ठरवलं की आता जन्मात एका मालकावर विसंबायचं नाही. तिचा बाप शालिकराम वलगावकडे झेंडू लावायचा. तो म्हणाला, "हे तं मी तुले आधीच सांगतलं असतं. कपाशीत तुरीचं तास कायले टाकते मानूस? एक पीक बुडालं तं दुसरं हाती राहाते." बापाचं शहाणपण नेहमी असं उशिरा निघायचं.

पहिलं गिऱ्हाईक योगायोगानं मिळालं. मावशीची दाढ काढायला ती अकोल्याला डॉ. यास्मीन यांच्या दवाखान्यात गेली होती. बाहेरच्या टेबलावरची मुलगी नोकरी सोडून गेलेली, आणि फोन एकसारखा वाजत होता. दीपमालेला वाजता फोन सहन होत नाही. तिनं उठून तो उचलला, पेशंटला वेळ दिली, मग दुसऱ्याला दिली, तिसऱ्याला उद्या बोलावलं. मावशीची दाढ निघेपर्यंत तिला काम लागलेलं होतं. दुसरे आले सूर्यभान भाऊ. चिखलदऱ्याला त्यांचं सात खोल्यांचं रिसॉर्ट. त्यातली एकच खोली दरीच्या बाजूला, आणि येणारा प्रत्येक पाहुणा तीच मागायचा. तिसरे वरूडचे सरफराज सेठ, संत्र्याचे मोठे व्यापारी. ते सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक. त्यांच्या एकट्याच्या जिवावर घर चालत होतं म्हटलं तरी चालेल.

तिघांनीही कामावर घेताना एकच प्रश्न विचारला. "दुसऱ्या कोणाचं काम तर करत नाही ना?" सरफराज सेठनी तर दरडावूनच विचारलं होतं. बाजारातले भाव, खरेदीदारांची नावं, सगळं तिच्या हाती द्यायचं होतं त्यांना.

आणि तिघांनाही दीपमाला पटकन म्हणाली होती, "नाही जी. फक्त तुमचंच."

एवढं सराईत खोटं तिला कुठून आलं? ताडपत्रीखालून आलं, दुसरं कुठून! तान्हेपणापासून ती त्या पोत्यावर बसून मायचा धंदा पाहत आली होती. शकुनबाई सकाळी एक चांगला भरदार हार वेगळा काढून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायच्या. रोजचं गिऱ्हाईक आलं की फडकं उलगडायचं, इकडेतिकडे बघायचं आणि आवाज खाली आणून म्हणायचं, "बाई, हा तुमच्यासाठीच राखून ठेवला. कवाच्या मागून राहिल्या त्या मास्तरीणबाई, पन मी देल्ला नाही." बाई खूश होऊन हार घेऊन जायच्या. त्यांची पाठ वळली की शकुनबाई तसाच दुसरा हार फडक्यात गुंडाळायच्या, मास्तरीणबाईंसाठी. यात फसवणूक आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. हार चांगलाच असायचा, आणि प्रत्येकाला आपण खास आहोत असं वाटलं तर कोणाचं काय जातं?

दीपमालेनं हीच विद्या तीन फोनांवर चालवली. सेठसाठी ती 'माला मॅडम' व्हायची आणि ठसक्यात वऱ्हाडी बोलायची. रिसॉर्टसाठी 'मिस दीपा', गोड हिंदी, मध्येच एखादा 'शुअर सर'. डॉक्टरांच्या फोनवर मात्र अशी शुद्ध मराठी, की पेशंटला वाटावं आपण आकाशवाणीला फोन लावला. सकाळी संत्रा, दुपारी दात, संध्याकाळी दरी, अशी तिनं दिवसाची वाटणी केली होती. पण गिऱ्हाइकं अशी वाटणी पाळतील तर ती गिऱ्हाइकं कसली! दुपारी दाताच्या वेळात संत्र्याचा फोन यायचा. एकदा तिनं नागपूरच्या खरेदीदाराला विचारलं होतं, "थंड लागलं की झिणझिण्या येतात का?" तो म्हणाला, माल अजून शीतगृहात टाकलाच नाही. तीन तिघाडा, काम बिघाडा म्हणतात ते काही उगाच नाही. तरी दोन वर्षं झाकली मूठ झाकलेली राहिली. व्हिडिओ कॉल कोणी मागितला की तिचा कॅमेरा हमखास बिघडलेला असायचा.

मग दसरा आला.

दसऱ्याला अंबादेवी रोडवर पाय ठेवायला जागा नसते. नवरात्र संपवून देवीला आलेली सगळी पंचक्रोशी, त्यात गाड्यांना हार, दुकानांना तोरणं, आणि ढिगानं आपट्याची पानं. या एका दिवशी दीपमाला ऑफिस बंद ठेवून मायच्या हाताखाली बसायची. म्हणजे फोन तीनही टोपलीत, शेवंतीच्या बाजूला, आणि ती हार बांधता बांधता बोलत राहायची.

सकाळी शालिकरामचा निरोप आला. झेंडूची पोती घेऊन येणारा ऑटो राजकमल चौकाच्या गर्दीत अडकला होता, कोणीतरी येऊन पोती उचलावीत. दीपमाला उठली. गर्दीत खिसेकापू पायलीचे पन्नास, म्हणून तिनं फोन टोपलीतच ठेवले.

"माय, हे वाजले तं उचलू नको. मी आल्यावर पाहीन."

"बरं," शकुनबाई म्हणाल्या. त्या खोटं बोलल्या नाहीत, तेव्हा त्यांना तसं खरंच वाटत होतं. पण गिऱ्हाईक समोरून आवाज देतंय आणि आपण तोंड फिरवून बसायचं, हे त्यांच्या हातून कधी झालंच नव्हतं. दोनदा फोन वाजून गप झाला. तिसऱ्यांदा त्यांनी झेंडूचे हात पदराला पुसले.

"हॅलो, बोला जी. खोली? हाव, आहे ना. दरीकडची? तुमच्यासाठीच राखून ठेवली, दुसऱ्याले देल्लीच नाही. या बिनघोर, लेकराबाळाइले घेऊन."

काम सोपं निघालं. दुसरा फोन उचलला. "संत्रा? पयला माल तुमचाच, जी. कवाचे मागून राहिले एकजन, पन मी नाही म्हन्लं. उद्या सकाळीच गाडी पाठवा." मग तिसरा. "दाढ दुखते? अवो मंग या ना! डॉक्टरीणबाई तुमच्यासाठीच बसून राहिल्या. तवरोक लवंग धरा दाढेखाली."

दीपमाला पोती घेऊन परत येईपर्यंत ऑफिस असं दणक्यात चाललं, की विचारू नका. दरीकडची एक खोली तीन कुटुंबांना गेली. संत्र्याचा पहिला माल तीन खरेदीदारांना गेला. अकोल्यात दवाखाना दसऱ्यानिमित्त बंद होता, तिथे दोन पेशंट लवंग चघळत निघाले.

आणि नेमकी तेव्हाच दुकानासमोर दोन गिऱ्हाइकं उभी होती. एक मिशीवाले, जीपला लावायला मोठे हार निवडत होते. दुसरे पांढरी टोपी घातलेले, ट्रकांसाठी हार घेत होते. ते शकुनबाईंना सांगत होते, "ड्रायवर लोकाइचा सन आहे, बाई. हार नाही लावला तं गाडी काढत नाहीत." मिशीवाले म्हणजे सूर्यभान भाऊ आणि टोपीवाले सरफराज सेठ. दोघं एकमेकांना ओळखत नव्हते, आणि आपण कोणाच्या दुकानात उभे आहोत हेही त्यांना ठाऊक नव्हतं. देवीचं आणि हारांचं काम आटोपलं की ऑफिस शोधून काढायचं आणि मॅडमला सोनं द्यायचं, असं मात्र दोघांच्याही मनात होतं. दसऱ्याला सोनं द्यायला जाणाऱ्यानं आधी फोन करून सांगायची रीत नाही.

सूर्यभान भाऊंचा फोन वाजला. रिसॉर्टवरून त्यांचा मॅनेजर देवमन बोलत होता. "भाऊ, दरीची खोली तीन पार्ट्याइले देल्ली का? तिघंही म्हनतात अमरावती ऑफिसनं राखून ठेवली."

"अशी कशी? थांब, इचारतो." भाऊंनी ऑफिसचा नंबर लावला.

समोरच्या टोपलीत शेवंती थरथरली. शकुनबाईंनी हात घालून फोन काढला आणि कानाला लावला. "हॅलो, बोला जी. खोली पाह्यजे? तुमच्यासाठीच राखून ठेवली."

हे वाक्य भाऊंच्या एका कानात फोनमधून आलं आणि दुसऱ्या कानात समोरून. त्यांनी फोनकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, पुन्हा फोनकडे पाहिलं. सरफराज सेठना हसू आवरेना. "क्या भाऊ, तुमचं हेड ऑफिस फुलाच्या दुकानात?" असं म्हणतात न म्हणतात तोच त्यांचाही फोन वाजला. नागपूरचा खरेदीदार पहिला माल राखून ठेवल्याबद्दल आभार मानत होता. सेठनी कोणासाठीच काही राखून ठेवलं नव्हतं. त्या उन्हाळ्यात वरूडकडची कितीतरी झाडं पाण्यावाचून उभ्या उभ्या वाळली होती. उरलेल्या बागांचा माल ते जपून, भाव बघून सोडणार होते. "कोनी सांगतलं तुमाले?" "तुमच्या ऑफिसच्या बाईनं." सेठनी हसू पुसलं आणि नंबर लावला.

टोपलीतला दुसरा फोन वाजला.

दीपमाला डोक्यावर पोतं घेऊन गर्दीतून आली ती नेमकी या क्षणी. माय दोन्ही कानांना दोन फोन लावून बसलेली, आणि समोर दोन माणसं. दोघांचे चेहरे व्हॉट्सॲपवरच्या फोटोंतून तिला तोंडपाठ होते. पोतं खाली ठेवायचंही तिला सुचेना.

"तूच का मिस दीपा?" सूर्यभान भाऊ म्हणाले.

"मिस दीपा कोन? ह्या आमच्या माला मॅडम," सेठ म्हणाले.

शकुनबाईंना भांडण मिटवायची घाई. "एकच पोरगी आहे जी माही. दीपमाला नाव. अर्धं तुमी घेतलं, अर्धं याइनं घेतलं."

त्यानं काही मिटलं नाही. तेवढ्यात तिसरा फोन वाजला, आणि शकुनबाईंच्या ओल्या बोटानं स्पीकर लागला. डॉ. यास्मीन यांचा शांत आवाज भर रस्त्यात ऐकू आला. "दीपमाला, दवाखान्याच्या बंद शटरसमोर दोन पेशंट लवंग धरून बसलेत. मी त्यांच्यासाठीच थांबले आहे असं त्यांना कोणी सांगितलं? मी दवाखान्याकडे निघालेच आहे, पण मला कळू दे."

"आन् हे कोन?" सेठनी विचारलं.

उत्तराची वाट त्यांनी पाहिली नाही. ते ओरडले नाहीत, हेच वाईट होतं. "मी पयल्याच दिवशी सांगतलं होतं. माहे भाव, माह्या पार्ट्या, सगळं तुह्या हाती. आता तू कोनाचं कोनाले सांगून राहिली, मले कसं समजावं?"

दीपमालेला खूप बोलायचं होतं. दोन वर्षांत एकाचा शब्द दुसऱ्याच्या कानी गेला नाही, हे सांगायचं होतं. जिनिंगचं कुलूप सांगायचं होतं. पण ज्या जिभेवर तीन भाषा नाचायच्या तिच्यावर त्या वेळी एकही आली नाही. तिला भयंकर लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती जास्त. सेठ गेले की घर गेलं.

सेठ पुढचं वाक्य बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात शकुनबाईंनी आपट्याची दोन पानं त्यांच्या हातात कोंबली. "घ्या सेठ, सोनं घ्या, सोन्यासारखे राहा!" लगेच दोन पानं भाऊंच्याही हातात.

आता आली का पंचाईत! दिलेलं सोनं परत करत नाहीत, आणि सोनं घेतलेल्या हातानं त्या दिवशी भांडत नाहीत. वरूडच्या बाजारात सेठ दर दसऱ्याला शंभर जणांना सोनं वाटत आले होते, त्यांना रीत कोणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी पानांकडे असं पाहिलं, जसं कोणी त्यांच्या हातात विंचू ठेवला आहे.

"आज काही बोलत नाही," ते म्हणाले. "उद्या फोन करतो." हार उचलून ते निघून गेले.

सूर्यभान भाऊंना रागवायलाही सवड नव्हती. "ते तीन पार्ट्या संध्याकाळी पोचतात, त्याइचं काय करू?" दीपमालेनं पोतं खाली टाकलं आणि मिस दीपा होऊन कामाला लागली. एका कुटुंबाला दरीची खोली राहिली. दुसऱ्याला साधी खोली, पण सूर्यास्त बघायला फुकट जीप आणि कॉफी. तिसऱ्याला भाऊंची स्वतःची खोली, तिलाही खिडकीतून थोडी दरी दिसत होती. भाऊंना मात्र कचेरीतल्या बाकावर झोपावं लागलं. पण तिन्ही पार्ट्या टिकल्या म्हणून ते गुरगुरण्यापलीकडे गेले नाहीत. डॉक्टरांनाही तिनं सगळं खरं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "काम वेळेवर होतंय ना? मग मला काय करायचंय! फक्त आईंना सांग, लवंग मीही सांगते, पण दवाखाना बंद असताना नको."

उरले सेठ.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून सेठचा फोन गप्प होता. एरवी उजाडायच्या आत तो ओरडायला लागायचा. दीपमालेनं तो चार्जिंगला लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला. माय आदल्या दिवसाचा उरलेला झेंडू निवडत होती. तिच्यावर ओरडावं असं दीपमालेला वाटलं, आणि ती ओरडलीही. शकुनबाई म्हणाल्या, "गिऱ्हाईक दारी आलं होतं. मी काय त्याले हाकलून देऊ?"

उन्हं चढल्यावर फोन वाजला. दीपमालेनं झडप घातली. "सेठ, मी तुमाले..."

"तू नको," सेठ म्हणाले. "मायले दे."

आता हे मायला बोलणार, आणि तेही तिच्या चुकीसाठी. तिनं फोन दिला आणि कान जवळ नेला. फोनमध्ये मागून ट्रकांचे हॉर्न आणि माणसांचा कालवा ऐकू येत होता.

"बाई, काल तुमी तिघाइले सांगतलं ना, पयला माल तुमचाच? तिघंही गाड्या घेऊन सकाळीच दारात हजर. एकमेकाचं तोंड पाह्यलं आन् पेटले. रिकामी गाडी वापस नेनं कोनाले परवडत नाही. तासाभरात भाव असा चढला का मी मधात बोललोच नाही. बस, चाय पेत राहिलो." सेठनी एक घोट घेतला. "मले तुमच्यासारखं बोलनारं मानूस पाह्यजे. आजपासून माह्या पार्ट्याइचे फोन तुमी घ्या. पोरगी बाकीचं पाहीन. पन अट तेच. फक्त आपलंच काम."

दीपमालेनं डोळ्यांनी मायला खुणा केल्या. हो म्हण, हो म्हण, नंतर बघू. एवढं तर ती झोपेतही म्हणू शकली असती.

शकुनबाईंनी एक सडकं फूल बाजूला टाकलं. "नाही जमत, सेठ."

"कावून?"

"मले फुलं आहेत, घर आहे. पोरीले अकोल्याच्या डॉक्टरीणबाई आहेत, चिखलदऱ्याचे भाऊ आहेत. तिचा पयला मालक एकटाच होता. तो एका दिवसात कुलूप लावून पयाला, आन् माही पोरगी हप्ताभर जेवली नाही. मी पाह्यलं ते. आता एकट्याच्या भरोशावर आमी बसत नाही. तुमचं काम करू, मनापासून करू. तुमची गोष्ट दुसऱ्याच्या कानी जानार नाही. हार कोनाले किती देल्ला हे मी आजलोक दुसऱ्या गिऱ्हाइकाले सांगतलं नाही, तं तुमचा भाव काय सांगीन? पटत असंन तं हाव म्हना, नाही तं राहू द्या."

हे सगळं त्या भाव कमी करायला नकार द्यावा इतक्या सहज बोलून गेल्या. दीपमाला भिंतीला टेकून उभी राहिली. दोन वर्षं तीन माणसांपुढे तिनं तीन तऱ्हांनी जे लपवलं, ते मायनं एका दमात मोकळं केलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते भीतीचं होतं की कशाचं, तिलाही सांगता आलं नसतं.

पलीकडे सेठनी हॉर्न वाजवणाऱ्या ड्रायवरला दटावलं. मग ते फोनवर आले. "भले बाप्पा. मंग माह्या कामाची वेळ कोनती देता?"

शकुनबाईंनी फोनवर हात ठेवला नाही की आवाजही खाली आणला नाही.

"थांबा सेठ," त्या म्हणाल्या, "आमच्या मॅडमले पुसून सांगतो."